तालुक्याच्या गावातला छोटा कॅफे: दहा बाय तीसचा गाळा आतून कसा मांडावा

विदर्भातल्या वणी, दारव्हा, ब्रह्मपुरी, तुमसर, अचलपूर अशा गावांतून आता तर्री पोहे, पाटोडी-रस्सा, सँडविच आणि कॉफी एकाच छताखाली देणारे छोटे कॅफे निघू लागले आहेत. बहुतेकांच्या वाट्याला येतो तो गाळा साधारण १० फूट रुंद आणि ३० फूट खोल. पुढे शटर, मागे एखादं दार, वर स्लॅब नाहीतर टिन. हा लेख तशाच गाळ्यासाठी आहे.

मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या कॅफेचे फोटो दाखवून ‘असंच करून द्या’ म्हटलं की फॅब्रिकेटर आणि सुतार तसं करूनही देतात. पण ते फोटो एसी लावलेल्या खोल्यांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जमीन काळी, पाणी जड, आणि जुलैत गिऱ्हाइकाच्या चपलेबरोबर वावरातला चिखल आत येतो. म्हणून आधी हवा, मग पाणी, मग बसण्याची जागा, आणि रंग, दिवे, चित्रं सगळ्यात शेवटी. हातातल्या पैशातला निम्म्याहून जास्त हिस्सा फरशीखाली, भिंतीत आणि धुराड्यात गेला तर तो योग्य जागी गेला असं समजा.

करारावर सही करण्याआधी

गाळा बघायला सकाळी जाऊ नका, दुपारी तीनला जा. पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्यात तीन ते सहा ऊन थेट आत येतं आणि चहा-नाश्त्याचं गिऱ्हाईकही त्याच वेळी येतं. असा गाळा घेऊच नये असं नाही. पण मग पुढे किमान पाच फुटांचा शेड आणि त्याला खाली सोडता येईल असा हिरव्या नेटचा किंवा वाळ्याचा पडदा, एवढा खर्च भाड्यासोबतच धरा.

दुसरा प्रश्न धुराचा. पाइप कुठून बाहेर निघेल? मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असेल तर स्लॅब फोडून वर जावं लागतं आणि त्याला मालकाची लेखी परवानगी लागते. ती करारातच लिहून घ्या. वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल आणि बाजूलाही वाट नसेल तर तो गाळा तळणीच्या कामाचा नाही.

गाळ्याची फरशी रस्त्यापेक्षा किती वर आहे ते बघा. गावातला सिमेंट रस्ता नवा झाला की जुन्याच्या डोक्यावरच चढतो आणि पाच-सात वर्षांत उंबरठा रस्त्याच्या खाली जातो. दीड फूट उंची हवी. तेवढं चढायला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या करा, पाय ठेवायला फूटभर रुंदी द्या आणि एका बाजूला पकडायला पाइप लावा. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो पाइप लागतोच.

बाकी दोन गोष्टी लवकर उरकतात. वीजजोडणी व्यावसायिक आहे का आणि मंजूर भार किती, हे बिलावर दिसतं. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे शेजारचा दुकानदार सांगतो.

खडूने आखा, मग चालून बघा

१० फुटांच्या गाळ्यात प्लास्टर वजा जाता साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच मिळतात. खोली २९ फूट धरा. मागचे ९ फूट स्वयंपाकाला, त्यापुढचे ३ फूट बेसिन आणि गल्ल्याला, उरलेले १७ फूट बसायला. जवळपास तिसरा हिस्सा भट्टीला जातो म्हणून अनेकांचा जीव तुटतो आणि ते स्वयंपाकघर सहा फुटांवर आणतात. मग कांद्याचं पोतं, तेलाचे डबे आणि रिकाम्या क्रेट ग्राहकांच्या पायाशी येऊन बसतात, आणि वाढवलेली दोन टेबलं सामान ठेवायच्या कामी लागतात.

बसण्याच्या १७ फुटांत समोरासमोर बाकड्यांच्या जोड्या मांडायची पद्धत आहे. तसं केलं तर दोन्ही भिंतींना मिळून १२ माणसं बसतात. एका भिंतीला सलग बाकडं आणि समोर खुर्च्या ठेवल्या तरी १२ च बसतात. आम्ही दुसरी मांडणी सुचवतो. कारण टेबलं सरकवून जोडता येतात. शेतकरी कुटुंब दवाखान्याच्या किंवा लग्नखरेदीच्या कामाने तालुक्याला येतं तेव्हा सहा-सात जण एकत्र असतात. त्यांना तीन ठिकाणी बसवलं तर ते पुन्हा येत नाहीत.

मापं अशी: बाकड्याची खोली १९ इंच, टेबल भिंतीकडून खुर्चीकडे २८ इंच आणि आडवं २४ इंच, टेबलाची कड बाकड्यावर २ इंच आलेली, आणि माणूस बसलेल्या खुर्चीला १८ इंच. बेरीज ६३ इंच. समोरच्या भिंतीपर्यंत ५१ इंच, म्हणजे सव्वाचार फूट वाट उरते. वाढणाऱ्याला ३६ इंच पुरतात, पण दोन हातांत ट्रे घेतलेला पोरगा आणि उठून निघालेलं गिऱ्हाईक समोरासमोर आले की त्या वरच्या १५ इंचांची किंमत कळते. दोन टेबलांत ७ इंच फट ठेवा, म्हणजे १७ फुटांत सहा टेबलं बसतात आणि दाराजवळ दीड फूट मोकळं राहतं.

टेबल २४ इंच खोल केलं तर? पोहे, सँडविच, कॉफी असेल तर चालतं. थाळी देणार असाल तर नाही. थाळी १२-१३ इंचांची असते. समोरासमोर दोन ठेवल्या की २४ इंच संपले, आणि पाण्याचा गिलास ठेवायला जागाच नाही. तर्रीची वाटी सांडते ती इथेच.

कागदावर हे सगळं बसतं. पण फरशीवर खऱ्या मापाने खडूने आखल्याशिवाय सुताराला आगाऊ पैसे देऊ नका. बिछायत केंद्रातून बारा खुर्च्या आणि दोन टेबलं एका दिवसापुरती आणा, आखलेल्या जागी ठेवा, चार माणसं बसवा आणि भरलेली परात घेऊन स्वयंपाकघराच्या खुणेपासून दारापर्यंत जाऊन या. जिथे कोपर आखडावं लागतं तिथे खडू पुसा आणि सरका. दाराचं पान कुठे उघडतं, फ्रिजचं दार पूर्ण उघडल्यावर माणूस मागे कुठे उभा राहतो, हेही आखा. फ्रिजच्या दाराला जागा सोडायचं राहून जातं, हा फारच नेहमीचा घोळ आहे.

गल्ला मधल्या तीन फुटांच्या पट्ट्यात बसवा. तिथून दारही दिसतं आणि भट्टीही. त्याच्या समोरच्या बाजूला बेसिन, ३२ इंच उंचीवर. उभ्या-उभ्या चहा घेणाऱ्यांसाठी आत जागा काढू नका. बाहेर शेडखाली भिंतीला १० इंच रुंद कडप्प्याची फळी ४२ इंचांवर लावा.

हवा कुठून येते आणि कुठे जाते

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

धुरापासून सुरू करा. दोन शेगड्यांची भट्टी साधारण ४ फूट बाय २ फूट. तिच्यावरचं हूड प्रत्येक उघड्या बाजूला सहा इंच जास्त हवं, म्हणजे ५ फूट बाय ३ फूट. त्याची खालची कड फरशीपासून साडेसहा फुटांवर ठेवा. त्याहून वर नेलं तर धूर आधीच बाजूला पसरतो, खाली आणलं तर आचाऱ्याचं डोकं आपटतं. हूडच्या प्रत्येक फूट लांबीला मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे, म्हणजे पाच फुटांना १५०० सीएफएम. भिंतीत बसवायचा १२ इंची एक्झॉस्ट पंखा इथे चालत नाही. मोकळ्या भोकात तो हवा फेकतो, पण पाइप जोडला की त्याला जोर राहत नाही. त्यासाठी ब्लोअर लागतो. पाइप १२ बाय १२ इंचांचा, शक्य तितका सरळ. प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ कमी होते आणि तिथेच तेल साचतं. हूडमध्ये स्टीलचे तिरक्या पट्ट्यांचे फिल्टर घ्या, बारीक जाळीचे नकोत. जाळी आठवड्यात बुजते. फिल्टर दर आठवड्याला गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवायचे.

आता कूलर. आपल्याकडे एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत हवा कोरडी असते, म्हणून कूलर एसीच्या तोडीचं काम करतो. पण तीन अटींवर. पहिली अट, कूलर बाहेर सावलीत हवा आणि त्याने बाहेरचीच हवा ओढली पाहिजे. जागा नाही म्हणून आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो, अर्ध्या तासात टेबल चिकट लागतं आणि पापड सादळतात. दुसरी अट, जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट हवी: हजार सीएफएमला साधारण दोन चौरस फूट. तिसरी अट, हूड जेवढी ओढतं त्यापेक्षा कूलरने जास्त दिली पाहिजे. आपल्या गाळ्यासाठी ३००० सीएफएमचा कूलर धरा. त्यातली १५०० हूड नेईल. उरलेल्या हवेसाठी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत छताजवळ २ फूट बाय २ फुटांची जाळी लावा.

असं केलं की हवा दारापासून भट्टीकडे एकाच दिशेने वाहते. फोडणीचा ठसका मागेच राहतो, लोक थंडाव्यात बसतात. खात्री करायला एक उदबत्ती पुरते. सगळं चालू करून ती वाढपाच्या खिडकीत धरा. धूर भट्टीकडे वळला पाहिजे. टेबलांकडे आला तर कूलर कमी पडतोय किंवा मागची जाळी लहान आहे.

कूलरची धार मात्र भट्टीवर थेट येऊ देऊ नका. ज्योत फडफडते, बर्नर विझतो आणि गॅस तसाच सुटत राहतो. मधल्या पट्ट्यात साडेतीन फूट उंच अर्धी भिंत आणि तिच्यावर काच घेतली की हे टळतं.

पाऊस लागला की कूलर बंद होतो, पण हूड चालूच असतं. आता त्याला हवा कुठून मिळणार? पुढचं काचेचं दार बंद असेल तर ते मोरीतून, संडासाच्या दारातून हवा ओढतं आणि घाण वास आत येतो. म्हणून दाराच्या वर किंवा बाजूला फूटभर उंचीची, दाराएवढ्या रुंदीची उघडझाप होणारी झडप आधीच ठेवा. बसण्याच्या भागात छताला दोन पंखे. भट्टी आणि टेबलं यांच्यात पूर्ण भिंत आणि दार नसेल तर एसीचा विचारच करू नका. हूड ती थंड हवा विकत घेतल्यासारखी बाहेर फेकतं.

वरचं छत

स्लॅब असेल तर गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग, दरवर्षी मार्चमध्ये. एवढंच.

टिन असेल तर काम आहे. तापलेलं टिन नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) रात्री आठपर्यंत डोक्यावर गरमी ओतत राहतं. टिनाच्या बाहेरून पांढरा रंग, आतून चकचकीत फॉइल लावलेलं फोमचं शीट, त्याखाली ९ ते १२ इंच मोकळी जागा आणि मग ६ मिलिमीटरचे सिमेंट फायबर बोर्ड. त्या मोकळ्या जागेला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. कोंडलेली गरम हवा निघून गेली नाही तर खालचं छत काही दिवसांनी तेवढंच तापतं. टिनाखाली पीव्हीसीच्या पट्ट्या लावतात, त्या गरमीने वाकतात. पीओपीला टिनाच्या आकुंचन-प्रसरणाने भेगा जातात आणि कण थाळीत पडतात.

काळी जमीन, फरशी आणि खार

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट टाकलेली फरशी दुसऱ्या वर्षी मधोमध उचलली जाते. स्वतःची जागा असेल तर किमान दोन फूट काळी माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, प्रत्येक थर पाणी मारून ठोका, वर दगडाची सोलिंग आणि चार इंच गिट्टीचं काँक्रीट. भिंत आणि फरशी यांच्यात अर्धा इंच सांधा मोकळा ठेवा, म्हणजे फरशी हलली तरी भिंतीला ओढत नाही. भाड्याच्या गाळ्यात एवढं खोदता येत नाही. निदान मागचे ९ फूट तरी असे करून घ्या, कारण पाणी तिथेच मुरतं. आणि भिंतीत जुन्या तिरप्या भेगा दिसत असतील तर महागडं फिनिशिंग एका पावसाळ्यानंतरच करा.

बसण्याच्या भागात कोटा फरशी आम्हाला सगळ्यात पटते. मजबूत, पायाला थंड, आणि कोपरा उडाला तर एकच तुकडा बदलता येतो. फक्त तिला आरशासारखं पॉलिश करू नका. ओल्या चपलेने माणूस घसरतो. स्वयंपाकघरात खरबरीत कोटा, आणि जाळीकडे १० फुटांना दीड इंच ढाळ. मिस्त्री पाऊण इंचावर थांबतो, कारण तेवढ्याने डोळ्याला बरं दिसतं. फरशी पक्की होण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात डबकं राहिलं तर त्याच दिवशी उखडून घ्या.

सांडपाण्याचा पाइप ४ इंची, आणि तो नालीला जाण्याआधी तेल अडवणारी कुंडी: २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आत दोन आडवे पडदे. तेल वर तरंगतं, पाणी पडद्याखालून पुढे जातं. दर आठवड्याला वरचा थर काढायचा. कुंडी नसेल तर डिसेंबर-जानेवारीत, पारा १० च्या खाली गेला की, डालडा पाइपमध्येच गोठतो.

दारात पाच फूट लांब काथ्याचं पायपुसणं, फरशीत एक इंच खोल खाच करून त्यात बसवलेलं. वर नुसतं टाकलेलं दुसऱ्या दिवशी गोळा होतं. बाहेर पायरीजवळ घोट्याएवढ्या उंचीवर एक नळ द्या. पावसाळ्यात लोक आपणहून पाय धुतात.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात काम असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. प्लास्टर कालवायला आणि त्यावर पाणी मारायला बोरचं खारं पाणी वापरू नका. सहा महिन्यांत भिंतीवर पांढरा खार फुलतो आणि कितीही भारी रंग असला तरी पापुद्रे निघतात. टँकरचं गोडं पाणी आणा. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्या आणि मगच कोणतं यंत्र लावायचं ते ठरवा. जड पाण्याचे डाग काळ्या चकचकीत टाइलवर आणि चमकदार नळांवर सगळ्यात उठून दिसतात, म्हणून बेसिनमागे फिकट राखी रंगाची मॅट टाइल घ्या.

स्वयंपाकघर

कच्चा माल ज्या दाराने येतो तिथून धुणं, चिरणं, शिजवणं आणि वाढपाची खिडकी हा क्रम एका दिशेने जाऊ द्या. उष्टी भांडी मात्र दुसऱ्या टोकाने आत आली पाहिजेत. वाढपाची खिडकी ३ फूट रुंद, तिचा ओटा ४२ इंचांवर.

चिरण्याचा ओटा ३३ इंच उंच. भट्टी त्याच उंचीची करू नका. तिच्यावर फूटभर उंचीची कढई किंवा गंज (उंच पातेलं) येतो आणि आचाऱ्याचा खांदा दिवसभर वर राहतो. भट्टी २४ ते २६ इंच. ओट्याच्या कडप्प्याला खालून कडेजवळ एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी खालच्या कपाटात ओघळत नाही, तिथेच गळून पडतं. टाइल ७ फुटांपर्यंत, सांधे इपॉक्सीने भरलेले. साध्या पांढऱ्या सिमेंटचे सांधे हळद-तेलाने महिन्यात पिवळे होतात आणि पुन्हा पांढरे होत नाहीत. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांतली चौथी अनुसूची धुता येणाऱ्या भिंती, ढाळ असलेली फरशी, पापुद्रे न निघणारं छत हेच मागते. ती काम सुरू करण्याआधी वाचा.

गॅस १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर. ते मागे बाहेर, सावलीत, जाळीच्या पेटीत उभे ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, म्हणून पेटीला खालून जाळी हवी आणि आसपास खड्डा किंवा नालीचं तोंड नको. बंद करायचा मुख्य कॉक स्वयंपाकघराच्या दाराजवळ, भट्टीच्या मागे नाही. तेल पेटलं तर पाणी कधीच मारायचं नाही; कढईएवढं झाकण आणि आग विझवायचं ब्लँकेट हाताशी टांगलेलं असू द्या, आणि तेलाच्या आगीसाठीचा वेट केमिकल सिलिंडर दाराशी.

बाकडं, टेबल, लाकूड, बांबू

बसायची उंची १८ इंच, टेबल ३० इंच. या दोन आकड्यांतलं १२ इंचांचं अंतर मोडलं की जेवण अवघडतं. बाकड्याची पाठ सरळ काटकोनात नको, वरच्या टोकाला दोन-अडीच इंच मागे झुकलेली हवी. सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या १६ गेज पाइपचा, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन. टेबलाला चार पायांऐवजी मधला एकच खांब द्या. बाकड्यावरच्या माणसाला सरकून आत जाता येतं. खाली फिरवून वर-खाली होणारे बुश लावा, कोटा फरशीवर टेबल डुगडुगतंच.

टेबलाच्या फळीला १९ मिलिमीटरचा आयएस ७१० शिक्का असलेला प्लाय, वर सनमायका, कडेला सागाची पट्टी. कडेला चिकटवायची प्लास्टिकची टेप घेतली तर ओल्या फडक्याने पुसून-पुसून पाणी आत जातं, कड फुगते आणि दुपट्टे, साडीचे पदर तिच्यात अडकतात.

चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नावाजलेला आहे, पण नवा घेण्यापेक्षा पाडलेल्या जुन्या घरांच्या म्याली (तुळया), दारं आणि फळ्या बघा. ते लाकूड पुरतं वाळलेलं असतं, उन्हाळ्यात सांधे उघडत नाहीत. खिळे एकूण एक काढून घ्या, आणि उधईची पोकळी आहे का हे टोच्याने टोचून बघा. पावसाळ्यात बनवलेलं नवं फर्निचर मात्र टाळा. ऑगस्टमध्ये घट्ट बसलेला सांधा एप्रिलमध्ये बोटभर उघडतो.

बांबू स्वस्त आणि देखणा, पण कच्चा लावला तर त्याला भुंगा लागतो आणि पिठासारखा भुसा टेबलांवर पडत राहतो. खाण्याच्या जागी हे चालत नाही. गाठी आतून फोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या सुमारे पाच टक्क्यांच्या पाण्यात आठवडाभर बुडवून, सावलीत वाळवलेलाच घ्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे प्रक्रियेबद्दल नीट माहिती मिळते. बांबू किंवा कापड भट्टीपासून सहा फुटांच्या आत लावू नका.

वीज आणि दिवे

टिनाच्या कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. म्हणून इथे काटकसर नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), कूलरला स्वतंत्र अर्थिंगची तार, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून दर आठवड्याला बादलीभर पाणी. जमीन सुकली की अर्थिंग काम करेनासं होतं. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, ही सूचना कूलरवरच मोठ्या अक्षरांत रंगवा.

कूलर, ब्लोअर, फ्रिज, मिक्सर, पंखे आणि दिवे मिळून अडीच-तीन किलोवॉट होतात. मोठं कॉफी मशीन एकटंच ३ किलोवॉट घेतं, त्याला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी तार आणि १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट लागतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ते तापायला वेळ लावतं, आणि जड पाण्याने त्याच्या बॉयलरमध्ये क्षार बसतात. पहिल्या वर्षी ते टाळा, डिकॉक्शन करून कॉफी द्या. इन्व्हर्टरवर फक्त पंखे, दिवे आणि बिलाचं यंत्र ठेवा. ३०० वॉट भार १५० एएचच्या बॅटरीवर तीन-चार तास निघतो.

टेबलांवर २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. पांढऱ्या निळसर ट्यूबखाली तर्री तपकिरी आणि वरचा हिरवा सांबार (कोथिंबीर) काळपट दिसतो. खाली सोडलेला दिवा टेबलापासून ३० इंचांवर हवा आणि त्याची दांडी कडक हवी. वायरने लोंबणारा दिवा कूलरच्या वाऱ्यात डोलतो आणि सावल्या हलतात. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा लावला तर प्रकाश सतत लुकलुकतो. स्वयंपाकघरात पांढरा, भरपूर प्रकाश.

भिंती आणि सजावट

खाली साडेतीन फूट टाइल किंवा ऑइल पेंट, वर फिकट रंग. काळ्या भिंती आणि खडबडीत टेक्स्चर नको. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गावांत रुईचे तंतू आणि वणी पट्ट्यात कोळशाची धूळ त्यात अडकते आणि निघत नाही. कोटा, टाइल, काच सगळं टणक असल्याने आवाज घुमतो. मोकळ्या भिंतीला चौकटीत बसवलेल्या दोन-तीन गोधड्या लावा, महिन्यातून एकदा काढून धुता येतील अशा. चार फूट आठ इंचांवर खुंट्यांची एक ओळ हवी. दुपट्टा, पिशवी, हेल्मेट ठेवायला दुसरी जागा नसते. भद्रावतीची मातीची भांडी आणि भंडाऱ्याचं पितळ शोभेला ठेवण्यापेक्षा वापरात ठेवा, पण आंबट पदार्थ कल्हई केलेल्या पितळेतच.

भावफलक १५ फुटांवरून वाचायचा तर अक्षर दीड इंच उंच हवं. बाहेरची पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा ती अक्षरं लहान नकोत. महाराष्ट्रात तसा कायदा आहे.

उघडण्याआधी एक पूर्ण दुपार

ओळखीच्या बारा माणसांना दुपारी दोनला बोलवा. दोन्ही शेगड्या, हूड, कूलर, मिक्सर, फ्रिज एकाच वेळी चालू करा आणि दोन तास खरोखर वाढा. बघायचं ते हे: उदबत्तीचा धूर कोणत्या दिशेला जातो, एमसीबी पडतो का, मोरीत पाणी तुंबतं का, वाढपाच्या खिडकीत ताटं किती वेळ थांबतात, कोणतं टेबल कोणीच निवडत नाही. ते टेबल बहुतेक बेसिनशेजारचं असतं. तिथे ३ फूट उंच आडोसा उभारा किंवा ते टेबल काढून पाण्याचा माठ ठेवा.